कुठली भुवई

सकाळचा चहा घेत बसलो होतो आणि समोरून एक बाई माझ्याकडे बघून हसली. ओळखीची वाटली. कुणाची तरी बहीण असावी, नाहीतर जुन्या बिऱ्हाडात आमच्या वरच्या मजल्यावर राहायची ती, असा विचार डोक्यात निम्मा झाला असेल नसेल, तोवर ती गेली आणि तिच्या जागी माझी नात समुद्रात पाय बुडवून उभी राहिली. मग घोट घशात अडकला. असा ठसका लागला की कप खाली ठेवावा लागला. ती बाई माझी बायको होती. पस्तीस वर्षं जिच्याबरोबर संसार केला, जिच्या फोटोसमोर बसून गेली अकरा वर्षं रोज हा चहा पितो, ती. आणि मी तिला दुसऱ्याच कुणाची तरी बहीण समजलो. पहिल्यांदा वाटलं, वय झालं. चौऱ्याहत्तर म्हणजे काही थोडं नाही. चष्म्याचा नंबर वाढला असेल. पण नातीच्या पायाशी पडलेला शिंपला मला स्वच्छ दिसत होता, त्याच्यावरच्या रेघासुद्धा. डोळे ठीक होते. तेव्हा मात्र मला भीती वाटली, खरी भीती.

हा जो पडदा आहे, म्हणजे फोटो दाखवायचं ते यंत्र, ते माझ्या मुलीनं आणलं. तिला मी मुंगी म्हणतो. त्रेचाळीस वर्षांची झाली, स्वतःचा दवाखाना आहे, लोकांचे आखडलेले खांदे आणि गुडघे सोडवून देते, पण माझ्या तोंडी मुंगीच बसलंय. लहानपणी एकदा एखादी गोष्ट उचलली की स्वतःपेक्षा मोठी असली तरी ओढत न्यायची. तशीच तिनं माझी निगेटिव्हची पत्र्याची पेटी ओढून नेली. ‘‘बाबा, बुरशी येतेय, पुसून आणते,’’ म्हणाली आणि तीन महिने पेटीचा पत्ता नाही. गेल्या आठवड्यात माझ्या वाढदिवसाला पेटी परत आली आणि सोबत हा डबा. सगळ्या निगेटिव्ह तिनं एकेक करून त्यात उतरवल्या होत्या, वर स्वतःकडचे फोटोही घातले होते. शेवटच्या चाळीसएक राहिल्या होत्या त्या काल तिच्या घरी बसूनच इथे धाडल्या म्हणे. धाडल्या! माझ्या घरात, माझ्या फळीवर, मला न विचारता. वाढदिवसाला डबा बघून मी नाक मुरडलं आणि तिचा चेहरा उतरला, हे माझ्या लक्षात आलं होतं. पण जित्या माणसाला तोंड आहे तर ते चालणारच. मी म्हणालो, ‘‘अगं, फोटो म्हणजे काय बसच्या रांगेतली माणसं आहेत का, पुढे सरका पुढे सरका करायला? कागदाचा फोटो एका जागी बसतो. त्याला तू बघायला जातेस. हा तुझ्याकडे बघतो आणि तू बघायला लागलीस की निघून जातो. शिवाय वीज गेली की घरातली सगळी माणसं गेली.’’ आणि वर हेही म्हणालो, छाती पुढे काढून म्हणालो, की कागद खोटं बोलत नाही. तेहतीस वर्षं डार्करूममध्ये घालवलेल्या माणसाला एवढं म्हणायचा हक्क आहे असं मला वाटत होतं.

पुन्हा बघायला हवं होतं बायकोला. पण साहेबांची भेट अशी सहज मिळते का! सहाशे चाळीस फोटो, प्रत्येकाला दहा सेकंद, आणि सगळे ठरल्या क्रमानं. मी कागदावर गुणाकार केला. पावणेदोन तास. म्हणजे एखाद्या कचेरीत बाकावर बसवून ठेवतात तसं मला माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीत, माझ्याच बायकोसाठी बसून राहायचं होतं. बसलो. आंघोळ राहिली, पेपर दाराशी तसाच पडला. समोर एकामागून एक चालले होते: जावई डोंगरावर, जावई डोंगराखाली, कुणाच्या तरी गाडीचं नवं चाक, मुंगी दोन दात पडलेली, माझा जुना मालक तोंडात चिरूट धरून. पडद्यावर सगळे एकाच आकाराचे. मालकही तेवढा आणि चाकही तेवढंच. आणि वर भिंतीवर ती. बारा बाय पंधराचा काळा-पांढरा प्रिंट, काळी लाकडी चौकट. मी स्वतः केलेला. आधी आतल्या खोलीत तिच्या कपाटाशेजारी असायचा, ती गेल्यावर मी तो इथे खुर्चीसमोर आणला. सकाळी चहा ठेवताना तिला सांगतो, आज थंडी आहे, आज नळाला पाणी बारीक आहे. कुणी ऐकलं तर वेड्यात काढतील म्हणून हळू बोलतो. तोंड किंचित एका बाजूला वळलेलं, हसू आलं-आलं म्हणताना थांबलेलं, आणि भुवईत ती रेघ. लहानपणी झोक्याची फळी लागून खोक पडली होती तिला. तेवढ्या जागी परत केस आले नाहीत. भुवई मध्येच तुटल्यासारखी दिसायची, आणि त्यामुळे ती गंभीरपणे काही सांगत असली तरी आपली थट्टा चाललीय असं माणसाला वाटायचं. प्रिंटवर निगेटिव्हमधले दोष बारीक कुंचल्यानं झाकणं हे माझं रोजचं काम. तीळ, देवीचे व्रण, मुरमं, सगळ्यांची मी जन्मभर सफाई केली. ही एक रेघ मात्र मी कधी झाकली नाही.

ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती, ऑपरेटर. दिवसभर कानाला आवाज आणि समोर खुंट्यांची भिंत. मी दिवसभर अंधारात, समोर तोंडं आणि आवाज कुणाचाच नाही. ‘‘आपल्या दोघांचं मिळून एक धड माणूस होतं,’’ असं ती म्हणायची. मला वटवाघूळ म्हणायची. रविवारी बाहेर पडलो की उन्हानं माझे डोळे मिटायचे, तेव्हा हाताला धरून, ‘‘चला, वटवाघूळ, खड्डा आहे,’’ असं भर रस्त्यात मोठ्यानं. तो फोटो असाच एका रविवारचा. स्टुडिओचा कॅमेरा घरी आणला होता, रोलमध्ये शेवटचा एक फोटो उरला होता आणि तो वाया कशाला घालवायचा म्हणून मी तिला म्हटलं, थांब. ती एका दुकानाच्या बंद दारासमोर थांबली. ‘‘केस तरी नीट करू द्या,’’ म्हणाली आणि केसाला हात लावायच्या आत मी खटका दाबला. पस्तीस वर्षांची होती. मुंगी आमच्या पायात घोटाळत होती, ती फोटोत नाही.

नऊला दहा कमी असताना ती परत आली. ह्या वेळी मी खुर्ची पुढे ओढून टपून बसलो होतो, मांजर बसतं तसा. दहा सेकंद. हसू आलं-आलं म्हणताना थांबलेलं, बरोबर. वळलेलं तोंड, पण दुसरीकडेच वळलेलं. आणि रेघ. भिंतीवर रेघ माझ्या डाव्या हाताला आहे. पडद्यावर ती माझ्या उजव्या हाताला होती. मी वर बघितलं, खाली बघितलं, पुन्हा वर बघितलं आणि खाली पुन्हा नात समुद्रात उभी. पण समजायचं ते समजलं होतं, आणि खरं सांगतो, मला हायसं वाटलं. अहो, उलटी केली होती त्या डब्यानं! डावं-उजवं फिरवून टाकलं होतं. म्हणूनच ओळख पटली नाही. कुणाची पटेल? बायकोचं तोंड उलटं करून दाखवलं तर भल्याभल्यांची फसगत होईल. माझं डोकं शाबूत होतं, दोष यंत्राचा होता. मी लगेच फोन लावला.

‘‘बाबा, टेबलावर पेशंट आहे. लवकर बोला.’’

‘‘तुझ्या त्या डब्यानं तुझ्या आईला उलटी केलीय.’’

‘‘उलटी म्हणजे? डोकं खाली?’’

‘‘डोकं खाली कशाला? डावं-उजवं! आरशात दिसतं तसं. त्या डब्याला काही अक्कल?’’

पलीकडे कुणीतरी कण्हलं आणि मुंगी त्याला म्हणाली, श्वास सोडा, काका, सोडा. मग मला, ‘‘असेल. उतरवताना एखादी निगेटिव्ह पालथी पडली असेल माझ्या हातून. संध्याकाळी येते आणि सरळ करते. एका बोटाचं काम आहे.’’

‘‘एका बोटाचं!’’

‘‘आणि बाबा, फोटोवर बोट टेकवलं की तो थांबतो. ताटकळत बसू नका.’’

‘‘हे आता सांगतेस? पावणेदोन तास बसलोय मी इथं!’’

‘‘आणला त्या दिवशीच सांगितलं होतं. तुम्ही तेव्हा भाषण देत होतात.’’ आणि फोन ठेवला.

एका बोटाचं काम, हे माझ्या डोक्यात घर करून बसलं. आमच्या वेळी पालथी निगेटिव्ह म्हणजे मोठा गुन्हा. फोटो मोठा करायच्या यंत्रात, एनलार्जरमध्ये, ती घालताना तिची चकचकीत बाजू वर आणि मंद बाजू खाली, कागदाकडे. चुकून पालथी घातली की डाव्याचं उजवं होतं. अंधारात बाजू कशी ओळखायची? ओठानं. निगेटिव्हची कडा ओलसर खालच्या ओठाला टेकवायची, मंद बाजू किंचित चिकटते, चकचकीत चिकटत नाही. मालकानं मला पहिल्या दिवशी शिकवलं ते हेच. पुढे माझ्या हाताखाली शिकलेल्या सगळ्यांना मी हेच शिकवलं, आणि कुणी ओठ न लावता निगेटिव्ह घातलेली दिसली की कान उपटले. लग्नाच्या एका फोटोत सगळी मंडळी उलटी छापून पाठवली म्हणून एकाला मी आठवडाभर ट्रे धुवायला लावले होते. तेव्हा मुंगीच्या हातून पालथी पडली हे मला पटलं, तिला कुणी शिकवलंय! पण ती येईपर्यंत दम निघेना. म्हटलं, आपणच पेटी काढावी, निगेटिव्ह शोधावी आणि ती आली की तिला दाखवावं, हे बघ, ही अशी असते, शीक काहीतरी म्हाताऱ्याकडून. तेवढीच मौज.

पेटी तिनं छान लावून दिली होती, वर्षांच्या चिठ्ठ्या घालून. तिच्या निगेटिव्हची पट्टी सापडायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. खिडकीपाशी गेलो. उजेडावर धरली तर ती काळ्या दातांनी हसत होती, सगळी निगेटिव्हमधली माणसं हसतात तशी. खालचा ओठ जिभेनं ओला केला आणि कडा टेकवली. बावीसएक वर्षांनी केलं असेन. चिकटली. जुन्या ओळखीच्या माणसानं बोट धरावं तसं किती बरं वाटलं म्हणून सांगू. चिकटली ती बाजू माझ्याकडे, म्हणजे पालथी. फिरवली. चकचकीत बाजू माझ्याकडे. कडेला कंपनीनं छापलेले आकडे असतात, ते आता सरळ वाचता येत होते. म्हणजे ही सुलटी, ह्यात काही वादच नाही. आणि मग मी भुवई बघितली. रेघ माझ्या उजव्या हाताला होती. मी पट्टी खाली केली, चष्मा पुसला, पुन्हा ओठाला लावली, पुन्हा आकडे वाचले. उजव्या हाताला. म्हणजे तिच्या डाव्या भुवईत. यंत्र बरोबर होतं. उलटी होती ती भिंतीवर.

खिडकीच्या कठड्याला धरून मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. आठवायला लागलं ते सगळं नको तेवढं स्वच्छ. जेवणाची सुट्टी होती, मालक बाहेर गेलेले, सकाळपासून एका शाळेची ओळखपत्रं छापत होतो, चारशे पोरं, एकसारखी तोंडं. त्यातच मी माझी ही एक सारली, घाईघाईनं. ओठाला लावली का? नाही लावली. एकोणिसाव्या वर्षापासून हेच करत होतो, एकोणीस वर्षं झाली होती, बोटांना कळतं म्हणून मी मनातल्या मनात शेखी मिरवायचो. आणि मागची दुकानाची पाटी नको म्हणून नुसतं तोंड मोठं केलं, गळ्यापर्यंत. ट्रेमध्ये ती वर आली. पाण्याखालून कागदावर माणूस वर येतं ना, आधी डोळे, मग केस, ते तेहतीस वर्षं रोज बघूनही मला कधी शिळं झालं नाही, आणि त्या दिवशी तर ती माझी स्वतःची होती. लाल उजेडात मी तिच्याकडे बघत राहिलो आणि मला काही म्हणजे काही खटकलं नाही. सकाळी जिच्या हातचा चहा पिऊन आलो होतो तिचं तोंड उलटं झालेलं मला दिसलं नाही. दुपारी पडद्यावर ती पुन्हा आली तेव्हा मी बोट टेकवलं. थांबली बिचारी. अख्खी निगेटिव्ह होती, कापलेली नाही, मागे ती पाटी होती, शिलाई यंत्रं दुरुस्त करून मिळतील, अक्षरन् अक्षर सरळ. ती पाटी मी ठेवली असती तर ट्रेमध्ये अक्षरं उलटी उगवली असती आणि मी कपाळाला हात लावून दुसरा प्रिंट केला असता. सफाईची हौस नडली.

बरं, धंद्यातली चूक म्हणून सोडून देता आलं असतं. छत्तीस वर्षांपूर्वीची चूक, कुणाचं काय बिघडलं? पण माझं बिघडलं होतं. मी खुर्चीत बसलो, दोन्ही फोटोंकडे पाठ केली, डोळे मिटले आणि तिला बोलावून बघितलं. स्वयंपाकघरात उभी आहे, मागे वळून बघते. रेघ कुठं? माझ्या डाव्या हाताला. भिंतीवरच्यासारखी. एक्स्चेंजच्या फाटकातून बाहेर येतेय, छत्री मिटतेय. डाव्या हाताला. मुंगीला कडेवर घेऊन, तापात निजलेली, माझ्यावर चिडलेली, सगळीकडे रेघ डाव्या हाताला, तोंड त्याच बाजूला वळलेलं, हसू तिथंच थांबलेलं. सगळीकडे तो फोटोच चिकटवलेला होता. अकरा वर्षांत मी त्या कागदाशी इतकं बोललो की तिचं खरं तोंड हळूहळू पुसून त्याच्या जागी हे बसलं, आणि मला पत्ताही लागला नाही. आज सकाळी ती खरी, जशी होती तशी, समोर येऊन हसली तर मी तिला ओळख दिली नाही. फार लाज वाटली. रडू आलं म्हणायचं तर आलंच. एखाद्याला वाटेल की एवढ्याशा रेघेसाठी काय हा म्हातारा! पण पस्तीस वर्षं शेजारी निजलेल्या माणसाची भुवई कुठली ते आपल्याला सांगता येत नसेल, निगेटिव्हला विचारावं लागत असेल, तर मग ती माझ्याकडे उरली कुठं? मेल्यावर माणूस जातंच. पण मी तिला एवढं तरी नीट ठेवलंय अशी माझी समजूत होती.

तिला तो प्रिंट फार आवडायचा. बाकी फोटो काढून घ्यायला तिचा जन्माचा नकार, ‘‘ह्यात मी दुसरीच कुणीतरी दिसते’’ म्हणून सगळे बाजूला टाकायची. हा घरी आणला तर हातात धरून किती वेळ बघत बसली. म्हणाली, ‘‘हा खरा. ह्यात मी मीच आहे.’’ मी फुशारलो. आल्यागेल्याला सांगायचो, बायकोला आवडेल असा फोटो काढणारा मी एकटाच. आता तोंडावर पाणी मारायला न्हाणीघरात गेलो, आरशात स्वतःला बघितलं आणि मग ट्यूब पेटली. स्टुडिओत येणारं प्रत्येक गिऱ्हाईक पहिल्यांदा हेच म्हणायचं, हा मी नाही, तोंड वाकडं आलंय. आम्ही आत हसायचो. आम्हाला कारण ठाऊक होतं, माणसाला स्वतःचं तोंड आरशातलंच माहीत असतं, उलटं. तिनं जन्मभर रोज सकाळी केस विंचरताना जी बघितली ती ही भिंतीवरची. म्हणून ती मीच म्हणाली. भिंतीवर आहे ते तिचं तिला दिसणारं तोंड. पडद्यावर आहे ते मला दिसणारं. आणि त्या दोघींतली मला दिसणारी तेवढीच मी हरवून बसलो होतो. नळ तसाच चालू राहिला होता.

सहाच्या सुमाराला मुंगी आली. चप्पल काढता काढताच, ‘‘कुठंय उलटी बाई, करते सरळ,’’ म्हणाली आणि मग माझ्याकडे बघून पर्स खाली ठेवली. मी सगळं सांगितलं. पट्टी दाखवली, आकडे दाखवले, पाटी दाखवली. शिकवायची मौज वगैरे काही राहिली नव्हती. तिनं आधी पडद्याकडे बघितलं, मग भिंतीकडे.

‘‘हो की,’’ ती म्हणाली. ‘‘मला कधी कळलं नाही.’’

‘‘तुला कळायचं काय, तू इथं राहत नाहीस. मी राहतो.’’

‘‘मग आता? भिंतीवरचा काढू? ह्याच निगेटिव्हवरून सरळ प्रिंट करून आणते, तेवढाच, तसल्याच कागदावर. करणारा एकजण आहे अजून.’’

‘‘प्रिंटचं नाही गं काही.’’ मी पट्टी खाली ठेवली. ‘‘मला ती आठवत नाही, मुंगे. डोळे मिटले की हाच फोटो दिसतो. तुझी आई दिसतच नाही. मी विसरलो तिला.’’

असं काही नसतं, बाबा, असलं ती म्हणाली नाही, आणि त्याबद्दल मी तिचा ऋणी आहे. माझ्या शेजारी बसून तिनं माझा हात हातात घेतला आणि अंगठ्यानं तळवा दाबायला लागली. पेशंटचा असावा तसा. दाबता दाबता म्हणाली, ‘‘माझ्याकडे एक आजी येतात. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांना नातवाचं नाव आठवत नाही, पण हातात कणीक दिली की बरोबर मळतात. तुम्ही डोक्याला विचारताय, बाबा. ते लबाड असतं, समोर असेल ते उचलतं. शेवटच्या चार महिन्यांत आईचं तोंड कोण पुसायचं?’’

‘‘मीच. नर्सचा हात तिला चालायचा नाही.’’

‘‘मग पुसा.’’

‘‘काय?’’

‘‘माझं. घामानं चिकचिकलंय नाहीतरी. दिवसभर लोकांचे गुडघे वळवलेत.’’ ती उठून आत गेली, गरम पाण्यात पिळलेला नॅपकिन घेऊन आली आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. ‘‘डोळे मिटा. भुवईचा विचार करू नका, कशाचाच करू नका. रोज करायचात तसं करा.’’

मला हसूच आलं. म्हटलं, ही काय नाटकं. शिवाय निगेटिव्ह काय म्हणते ते मला माहीत होतं, हात मुद्दाम तिथंच जाईल, ह्याला काय अर्थ आहे, असंही म्हणालो. ‘‘बरं, बरं,’’ म्हणाली, ‘‘पाणी गार होतंय.’’ डोळे मिटले. नॅपकिन बोटांवर गुंडाळला. तो कसा गुंडाळायचा हे मला विचारावं लागलं नाही, टोक आत खोचून, पाणी गळू नये म्हणून. डाव्या हातानं तिची हनुवटी धरली. कपाळापासून सुरुवात केली, मधून एकीकडे, मधून दुसरीकडे. नाकाच्या बाजूनं खाली, गाल, कानामागे. मुंगीचे गाल तिच्या आईपेक्षा भरलेले आहेत, असं एकदा मनात आलं आणि गेलं. वाफेचा वास येत होता. औषधाच्या गोळ्यांचा वास यायचा तेव्हा, आणि खिडकीतल्या पडद्याची कडी वाऱ्यानं वाजायची, सारखी. मी तिला सांगायचो, आज तुझ्या त्या मैत्रिणीचा फोन आला होता, आज दूध नासलं. पुन्हा कपाळावर गेलो, भुवया पुसायला, एक पुसली सरळ, जशी पुसतात तशी, आणि दुसरीवर माझा हात हळू झाला. मी केला नाही, तो झाला. दाब गेला. नॅपकिन नुसता टेकला, रेघेच्या अलीकडे थांबला, उचलला आणि पलीकडे टेकला. मुंगीच्या भुवईत रेघ नाही, अख्खी भुवई आहे, ओलांडून जाण्यासारखं तिथं काही नव्हतं. तरी हात ते ओलांडून गेला. आणि मग तिचा आवाज आला, आजारपणातला, खोल गेलेला, थोडा वैतागलेला: अहो, तिथं हळू. थंडीत ठणकतं ते.

हे मला आठवत नव्हतं. रेघ थंडीत ठणकायची हे मी पार विसरून गेलो होतो. बाजू मला निगेटिव्हनं सांगितली होती, पण तिथं हळू व्हायचं हे ना निगेटिव्हमध्ये होतं, ना भिंतीवर, ना डब्यात. मी डोळे उघडले नाहीत. हनुवटी माझ्या हातात होती, कुणाची ते मी बघितलं नाही.

‘‘झालं का?’’ मुंगीनं विचारलं.

‘‘थांब गं,’’ मी म्हणालो. ‘‘मान राहिलीय अजून.’’